परड्यातला हातीचोक

आक्काच्या हाताखाली वाढलो, म्हणजे परड्यातच वाढलो. बेळगुंदीत आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला. पुढं सोपा, मग माजघर, मग चूल, आणि मागचं दार उघडलं की परडं. आई गेली तेव्हा मी केवढा होतो ते मला कुणी नीट सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चुलीपुढं आधी आई बसायची आणि मग आक्का बसायला लागली, एवढंच आठवतं. आक्काचं नाव सावित्री, पण ते नाव तिच्या लग्नाच्या बोलण्यात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा क्षणभर मला कळलंच नाही कुणाबद्दल चाललंय. सकाळी मला जाग यायची ती कासांडीत पडणाऱ्या धारेच्या आवाजानं. आधी रिकाम्या भांड्यात किणकिण, मग भांडं भरत आलं की तोच आवाज जाड व्हायचा. अंथरुणात पडल्या पडल्या मी त्या आवाजावरनं सांगायचो, आज गाईनं किती दिलं ते. मग चुलीचा धूर, नाचण्याच्या भाकरीची थापथाप, आणि आप्पांचा खोकला. आमचे वडील, आप्पा, आई गेल्यापासून बोलायचे कमी आणि खोकायचे जास्त. त्यांच्या खोकण्यातच राग, लोभ, हुकूम सगळं असायचं आणि आक्काला ते बरोबर कळायचं.

शाळेचं सांगायचं तर तिसरीपर्यंत गेलो. मास्तरांनी दुसऱ्याच्या चुकीबद्दल मला मारलं. मी पाटी उचलली आणि घरी आलो. आप्पा म्हणाले, "उद्या जायाचं." मी म्हणालो, "न्हाय." ते "न्हाय" अजून तसंच आहे. आता नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही लिहा, मी चुका काढतो. मी त्याला सांगितलंय, टाइप करायचं ते कर, चुका माझ्या मला ठेव.

आम्ही रताळी, नवलकोल, मटार करायचो आणि बेळगावला नेऊन विकायचो. मी अंगानं भरल्यापासून बुट्ट्या मी उचलायचो, तोंड आक्का चालवायची. बाजारात घालण्यापेक्षा कॅम्पातल्या बंगल्यांत दारोदार देणं तिला आवडायचं, कारण तिथल्या बागा बघायला मिळायच्या. एका बंगल्यात लोबोबाई म्हणून गोव्याकडच्या, शाळेतनं निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या बाई एकट्याच राहायच्या. त्यांच्या कुंपणाजवळ एक झाड होतं. पानं राखाडी, लांब, करवतीसारखी कातरलेली, आणि मधनं जाड देठावर मुठीएवढं हिरवं बोंड, माशाच्या खवल्यांसारख्या पाकळ्या एकावर एक घट्ट मिटलेल्या. कॅम्पातले माळी त्याला हातीचोक म्हणत, इंग्रजीतलं आर्टिचोक. आक्का बुट्टी खाली ठेवून त्याच्याकडं बघत राहायची. शेवटी एक दिवस तिनं मागितलंच.

"बाई, ह्येचं एक पिल्लू द्या की."

लोबोबाई हसल्या. "घे गो बाय. पूण पावसांत कुसतलें हें."

म्हणजे पावसात कुजेल. बेळगुंदीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडं पाऊस लागला की चार चार दिवस सूर्य दिसत नाही आणि जोत्याला ओल चढते. पण आक्का रताळ्याच्या घरातली. रताळ्याला पाणी साठून चालत नाही, म्हणून आम्ही उंच वरंबे घालतो. तिनं परड्यात तसाच, त्याहून उंच वरंबा घातला, राख आणि शेण मिसळलं, आणि केळीचं लावावं तसं ते पिल्लू लावलं. पाऊस लागल्यावर घरातलं जुनं इरलं नेऊन त्याच्यावर घातलं, चार काठ्या रोवून. शेजारची गंगाकाकू कुंपणावरनं बघून म्हणाली, "काय गं पोरी, झाडाला इरलं आणि भाऊ भिजूलालाय!"

"भाऊ कुजत न्हाय काकू," आक्का म्हणाली, "भाऊ वाळवला तर वाळतोय."

झाड जगलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याला चार पिल्लं झाली, आणि थंडी सरता सरता पहिली बोंडं आली. ती कशी खायची हे मात्र आक्का लोबोबाईंना विचारायला विसरली होती. तिनं कोबीसारखी चिरून, लसूण, मिरची, खोबरं घालून भाजी केली. आप्पांनी पहिला घास घेतला, चावला, परत चावला, आणि मग घसा धरून परड्यात पळाले. बोंडाच्या आत मधोमध केसाळ कुसं असतात, ती काढायची असतात, हे कुणाला माहीत! ती घशात बसली. आप्पा तांब्यावर तांब्या पाणी प्यायले. मग डोळ्यांतनं पाणी काढत म्हणाले, "मारत्या, तुझ्या आक्कानं मला माराय झाड लावलंय बघ." त्या बोलण्यावर आक्का हसली, आप्पाही हसले. आई गेल्यावर त्या घरात तिघं मिळून हसलेलं मला तेच पहिलं आठवतं.

नंतर लोबोबाईंनी दाखवलं. बोंड सबंध उकडायचं, एकेक पाकळी ओढून काढायची, तिच्या बुडाला गर असतो तेवढा दातांनी ओरपायचा आणि पाकळी टाकून द्यायची. शेवटी कुसं खरवडली की खाली वाटीएवढा मऊ गाभा राहतो, तो खरा खायचा. लोबोबाई लोण्यात बुडवून खायच्या. आक्कानं लसणाची लाल चटणी आणि शेंगतेल घेतलं. दिवस मावळायच्या आधी, कामं आटोपली की, मागच्या दाराच्या पायरीवर आम्ही दोघं बसायचो, मध्ये परात. ही भाजी घाईनं खाता येत नाही. एक पाकळी, मग दुसरी. पोट काही भरत नाही, नुसता वेळ जातो. आप्पा म्हणायचे, "ह्ये खाणं न्हवं, ह्यो उद्योग हाय." पण आक्काला तेच आवडायचं. दिवसभर उभं राहणारं माणूस, त्या पायरीवर तेवढं टेकायचं. तेव्हा ती बोलायची. आई कशी होती ते मला जे काही ठाऊक आहे, ते त्या पायरीवर ऐकलेलं आहे. आई पायानं लंगडायची हे मला तिथं कळलं. आई भांडखोर होती हेही तिथंच. "तुझ्यासारखीच," आक्का म्हणायची, "एकदा न्हाय म्हणाली की न्हाय."

एक बोंड ती मुद्दाम झाडावर ठेवायची. न खुडता राहिलं की ते उमलतं. आमच्याकडच्या कुठल्याच फुलाला तो रंग नाही. निळा म्हणावा तर जांभळा, जांभळा म्हणावा तर आतनं काहीतरी पेटल्यासारखा. केसांच्या जुडग्यासारखं ते फूल, तळहाताएवढं. गंगाकाकू सुद्धा ते बघायला यायची आणि बघून झालं की म्हणायची, "दिसाय चांगलं हाय, पर देवाला चालतंय का कुणास ठाऊक."

आक्काचं वय वाढत चाललं होतं. घर कोण बघणार म्हणून आप्पांनी आधी दोन-तीन ठिकाणं परतवली होती, मग ठिकाणं येणंच बंद झालं. तिच्याबरोबरीच्या बायकांची मुलं शाळेत जायला लागली. त्या वर्षी नंदगडच्या बाजूच्या एका खेड्यातनं कल्लाप्पा म्हणून गृहस्थ आले. त्यांचा मुलगा परशराम लोंढ्याला रेल्वेत होता. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूल राहिलेलं नाही. कल्लाप्पा जाड, मोठ्या आवाजाचा, आल्या आल्या परडं बघून म्हणाला, "ह्ये काटं कशाला लावलाय हो?"  परशराम त्या फुलाजवळ जाऊन उभा राहिला, वाकून बघितलं, मागं हात बांधूनच. आक्का दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं आणि मला कळलं की ही जाणार. तिचं तोंड तसं मी कधी बघितलेलं नव्हतं. मी बुट्टी उचलली आणि शेतात जाऊन बसलो. जेवायला बोलावलं तरी आलो नाही.

आमच्याकडं एक चाल होती. आता ती मोडली. सोयरीक ठरली, की सुपारी फोडायच्या आधी एका सोमवारी दोन्हीकडची माणसं डोंगरातल्या महादेवाला जायची. मुलीनं त्या दिवशी स्वतः काढलेलं, चुलीवर न चढवलेलं दूध घरनं चालत न्यायचं आणि पिंडीवर घालायचं. दूध देवानं घेतलं की बोलणं पक्कं. घरनं डोंगरापर्यंत वाट चढाची. तांब्यातलं दूध हिंदकळू नये म्हणून तोंडाला बायका आंब्याचा डहाळा नाहीतर जास्वंदीचं फूल खुपसतात. आक्कानं त्या दिवशी हातीचोकाचं फूल खुडलं. ते सगळ्या तांब्याचं तोंड भरून बसलं, उलटं, केसं दुधात. मी म्हणालो, "आक्का, जास्वंद घे की." ती म्हणाली, "ह्ये माझं हाय. माझं मीच देवाला दावतो."

आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, दावतो, जातो, येतो. तिचं ते "दावतो" अजून माझ्या कानात आहे.

आम्ही लवकर पोचलो. कल्लाप्पाची मंडळी नंदगडहून यायची, त्यांची गाडी चुकली आणि त्यांना उशीर झाला. आम्ही उन्हात थांबलो. ते आल्यावर आत गेलो. गुरवानं मंत्र म्हटले, आक्कानं फूल काढून बाजूला ठेवलं आणि तांब्या वाकडा केला. दूध आलं नाही. तिनं अजून वाकडा केला. तेव्हा आतनं एक पांढरा गोळा सरकत आला आणि पिंडीवर पडून थरथरत राहिला. मागनं निवळीसारखं पिवळसर पाणी आलं.

 गुरव एक पाऊल मागं सरला. कल्लाप्पाची बायको हळूच म्हणाली, "दूध नासलं गं बाई, देवापुढं." कल्लाप्पानं पागोटं सारखं केलं, आप्पांना हात जोडले आणि बाहेर गेला. परशराम दारात रेंगाळला, पण आईनं त्याचा दंड धरला होता. ती मंडळी उतरणीला लागल्यावर आप्पा खोकले. त्या खोकल्यात काय होतं ते त्या दिवशी आक्कालाही कळलं नसेल, कारण ती तांब्या हातात धरून तशीच बघत होती.

घरी येताना तांब्या माझ्याकडं होता. त्याच्या तळाला थोडं राहिलं होतं. मी रागात होतो. देवावर, कल्लाप्पावर, फुलावर, कुणावर ते माहीत नाही. त्या रागात मी बोट घालून ते तोंडात टाकलं. नासलेलं दूध आंबट लागतं. हे आंबट नव्हतं. खरवसासारखं होतं, गोडसर, मागनं जरा कडवट. मी वाटेतच थांबलो. आक्काला हाक मारावी असं वाटलं. पण ती पुढं चालत होती, पदर घट्ट ओढून, आणि मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं धार काढली नाही. मला म्हणाली, "तू काढ."

"का?"

"काढ म्हणतो न्हवं." आणि मग चुलीकडं तोंड करून, "माझ्या हाताला काय तरी हाय रं. आई पण माझ्याच हातात गेली."

मी धार काढली. भांड्यातला आवाज तसाच, पण मला तो ऐकवेना. त्या दिवसापासून ती दुधाला शिवलीच नाही. ताक घुसळायला गंगाकाकूच्या सुनेला बोलवायची. ती सून यायची खरी, पण घुसळून झालं की रवी स्वतःच्या घरी नेऊन धुवायची. ते आक्काला दिसायचं आणि मलाही दिसायचं.

मी तिसरी शिकलेला, पण डोकं माझं आहे. त्याच गाईचं त्याच सकाळचं दूध वासरू प्यायलं होतं, आप्पांनी चहात घेतलं होतं, त्याला काही झालं नव्हतं. म्हणजे गाय नाही. तांब्या आक्कानं चिंचेनं घासला होता, पण मी त्याच तांब्यात, चिंच मुद्दाम लावून, दूध ठेवून बघितलं. दूध कणीकणीचं झालं आणि आंबट झालं, त्या दिवशीसारखा गोळा नाही. मग राहिलं फूल. त्या सोमवारनंतर कुणी बोंडं खुडली नव्हती, झाडावर दोन उमलायची होती. एक उमललं तशी मी त्यातली केसं थोडी उपटून, गोठ्यामागं, धारोष्ण दुधात घातली आणि गवत कापत बसलो. गवताचा भारा होईपर्यंत दूध बसलं होतं. तांब्या उपडा केला तर पडेना.

नातवानं मागं एकदा मोबाईलवर बघून सांगितलं, आजोबा, परदेशात या फुलाच्या जातीनं चीज करतात, फार जुनी रीत आहे. मी म्हणालो, मला विचारायचं होतंस.

कळलं, आणि मी गप्प राहिलो. त्याची मला लाज नाही. ज्यानं आमचं घर बघितलं नाही त्यानं मला काही सांगू नये. मी बोललो की ती जाणार. नाही बोललो की ती राहणार. चुलीपुढं तीच, पायरीवर तीच, आप्पांच्या खोकल्याचा अर्थ सांगणारी तीच. पुन्हा तिला कुणी मागायला येणार नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी रोज ठरवायचो की आज नको. आणि रोज सकाळी धार मी काढायचो. ती चुलीपाशी पाठ करून बसलेली असायची, कासांडीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून पातेली आपटत. एक दिवस पातेल्यांचा आवाज थांबला. मी वळून बघितलं. ती दारात उभी राहून गाईकडं बघत होती. गाय तिच्याकडं तोंड करून हंबरली. आक्का पुढं यायला निघाली, हात पुढं केला, आणि तो परत पदरात गुंडाळून आत गेली.

बस झालं. मी आप्पांनाही सांगितलं नाही. आता उमललेलं दुसरं फूल खुडलं, ओल्या फडक्यात बांधलं आणि खानापूरची गाडी धरली. तिथनं नंदगड, आणि पुढं चालत.

कल्लाप्पा अंगणात दोरी वळत बसला होता. मला बघून दोरी थांबली नाही. "काय रं, कशाला आलास? आमचं बोलणं संपलंय."

"बोलाय न्हाय आलो," मी म्हणालो. "दूध बघाय आलोय. तुमच्या गाईचं, तुमच्या तांब्यात, तुमच्या हातानं काढलेलं."

त्याची बायको आतनं म्हणाली, "ह्येचं डोस्कं फिरलंय वाटतं."

"फिरलंय काकू. पर धार काढा."

"आणि न्हाय काढली तर?"

"तर मी हितंच बसतो. उद्या काढशीला. गाय काय तुमचं ऐकून दूध धरून ठेवणार न्हाय."

शेजारची माणसं कुंपणाला जमली होती. त्यांच्यापुढं मला हाकलणं बरं दिसलं नसतं. कल्लाप्पा शेवटी उठला. दोन तांब्यांत दूध घेतलं. एकात मी फूल खुपसलं, उलटं, आक्कानं खुपसलं होतं तसंच. दुसरा तसाच ठेवला. "आता बसू या," मी म्हणालो. बसलो. कुणी विचारलं, बेळगुंदीला रताळी कशी झाली यंदा. कुणी म्हणालं, पोरगा भानामती शिकून आलाय काय. परशराम कामावरनं सुट्टीला घरी आलेला होता, तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि तांब्याकडं बघत होता, डोळे न हलवता. मी मनात घाबरलो होतो हे आता लिहायला हरकत नाही. दुसऱ्याची गाय, दुसरं पाणी, दुसरं गवत. बसलं नाही तर?

ऊन अंगणातनं सरकून ओट्यावर चढलं तेव्हा मी फूल काढलं आणि तांब्या कल्लाप्पाच्या परातीत उपडा केला. गोळा पडला, थरथरला. बायका मागं सरकल्या. दुसऱ्या तांब्यातलं दूध मी ओतून दाखवलं. ते दूधच होतं.

"ह्यात माझ्या आक्काचा हात न्हाय," मी म्हणालो. "ती हितं आलीच न्हाय." आणि मी तो गोळा बोटांनी तोडला आणि त्यांच्यापुढं खाल्ला.

कल्लाप्पा बराच वेळ परातीकडं बघत राहिला. मग त्यानंही एक तुकडा तोडला, वास घेतला, जिभेवर ठेवला. सगळी कुंपणाची माणसं त्याच्या तोंडाकडं. त्यानं गिळलं. परत एक तुकडा घेतला. मग आत तोंड करून ओरडला, "गूळ आण गं जरा!"

अंगणात जे हसणं झालं त्यात त्याची बायकोही हसली. कल्लाप्पा खाता खाता म्हणाला, "म्हणजे त्या दिशी पिंडीवर पडलं ते पण असलंच?"

"असलंच. राहिलेलं मी खाल्लोय."

"देवाचं खाल्लास?"

"देवानं काय न्हाय म्हटलं नव्हतं. तुम्हीच उठून गेलासा."

परशराम मला गाडीपर्यंत पोचवायला आला. वाटेत एक दगड पायानं पुढं ढकलत चालला. मग म्हणाला, "तुझी आक्का लई रडली काय रं?"

"ती रडत न्हाय. धार काढायची बंद केलीया."

 गाडी दिसायला लागली तेव्हा तो म्हणाला, "तिला सांग, त्या दिवसापासनं मी पण कोराच चहा पितोय. घरात भांडण काढलंय त्यावरनं."

माणूस चांगला होता. त्याला नाव ठेवायला मला आयुष्यभर काही सापडलं नाही, आणि मी शोधलं नाही असं नाही.

घरी येऊन मी आक्काला सांगितलं नाही, दाखवलं. झाडावरचं सुकत चाललेलं पहिलं फूल, गाईचं दूध, तांब्या. तिनं ते बसलेलं दूध बघितलं, बोटानं दाबून बघितलं. मग परशरामचा कोरा चहा सांगितला. तेवढं ऐकलं आणि ती उठली, कासांडी घेतली आणि गोठ्यात गेली. अवेळीच. गाय एवढ्यातच पिळलेली होती, तिच्याकडं काय असणार? तरी आक्का खाली बसून तिच्या कुशीला डोकं लावून कितीतरी वेळ बसली होती. आप्पा सोप्यातनं खोकले. आतनं आक्कानं उत्तर दिलं, "आलो आलो, घालतो चहा." आप्पांच्या त्या खोकल्यात चहा होता हे मला कळलं नव्हतं.

लग्न उन्हाळ्यातच झालं. मी वाढपी होतो, त्यामुळं रडायला वेळ मिळाला नाही. पाऊस लागला तेव्हा झाडावर इरलं मी घातलं.

आक्का आता नाही. परशरामभावजीही नाहीत. माझी बायको आली, तिनं घर चांगलं सांभाळलं. तिनं माझा हट्ट सोसला, तिच्याबद्दल वेगळं लिहायचं आहे. पण परड्यातल्या पायरीवर ती कधी बसली नाही. तिला बसायला आवडायचंच नाही, तिची भाजी चिरणंही उभ्यानं. माणसाला सगळं एकाच माणसाकडनं मिळत नाही. गेल्या वर्षी नातवाची बायको बंगळूरच्या दुकानातनं काचेच्या बाटलीत, तेलात घातलेले हातीचोकाचे गाभे घेऊन आली. मऊ होते, चवही होती. पण त्यात ओढायला पाकळी नव्हती. मी एक खाल्ला आणि तिला म्हणालो, चांगलं आहे. ती वाईट पोरगी नाही.

लग्नानंतर आक्काकडं मी पहिल्यांदा गेलो तो थंडी सरताना. तोपर्यंत मी जात नव्हतो. निरोप यायचे, मी येतो म्हणायचो आणि जायचो नाही. शेवटी एका सकाळी बेळगावहून गाडीत बसलो आणि लोंढ्याला उतरलो. क्वार्टर रुळांजवळच होती. दर थोड्या वेळानं मालगाडी जायची आणि फळीवरची भांडी एकमेकांना लागून वाजायची. आक्काला त्याचं काही वाटत नव्हतं. गाडी गेली की ती अर्धं राहिलेलं वाक्य पुढं बोलायची, जणू त्या आवाजातच ती जन्मली होती. तिचं पोट दिसायला लागलं होतं. तोंड भरलं होतं. मला बघून तिनं आधी दोन्ही हात माझ्या तोंडावरनं फिरवले, मग पाय धुवायला पाणी दिलं, सतरंजी घातली, आणि कपबशीत चहा दिला. घरी आम्ही वाटीतनं प्यायचो. मी कप धरला तर त्याचा कान इतका लहान की बोट जाईना. ती म्हणाली, "साखर बस झाली न्हवं रं?" मी मान हलवली. तिला माझी साखर ठाऊक होती. तरी तिनं विचारलं, कारण आता ते तिचं घर होतं, आणि घरी आलेल्याला विचारतात.

जेवलो. भात, काळ्या वाटाण्याची आमटी, तळलेले बांगडे. लोंढ्याला गोव्याकडची मासळी चांगली मिळते. ती वाढत होती आणि आप्पांचं विचारत होती, गंगाकाकूचं विचारत होती, झाडाचं विचारत होती. मी सांगत होतो. भावजी दुपारच्या कामावर गेले. ती हात पुसत माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मग, वस्तीला राहणार का रं, का जाणार आजच?"

मी तिच्याकडं बघितलं. आमच्या त्या घरात तिनं मला कितीदा विचारलं असेल, कुठं गेलतास, जेवलास का, भिजलास का. हे एवढं तिनं मला कधी विचारलं नव्हतं. विचारायला नकोच होतं.

"जातो संध्याकाळच्या गाडीनं," मी म्हणालो. "गाईची धार हाय."

गाय त्या दिवसांत गाभण होती आणि आटलेली होती. गाय कधी फळली, कधी आटणार, कधी विणार, हे त्या घरात आक्काइतकं कुणालाच तोंडपाठ नव्हतं. तिनं लगेच मान खाली घातली आणि सतरंजीचा कोपरा सारखा करत राहिली. बाहेरनं मालगाडी आली, फळीवरची भांडी वाजली, मग गाडी निघून गेली.

"व्हय," ती म्हणाली, "धार चुकवू नगंस."